एका गुणाचे मोल

रग्बी लीगमधील ड्रॉप गोलाला भित्र्यांचे हत्यार मानणारे रसिक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. चेंडू हातातून सोडावा, जमिनीवरून उसळताच दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून लाथाडावा, आणि पदरात पडावे काय, तर अवघा एक गुण! पूर्वी दोन मिळत. १९७० साली सिडनीच्या अंतिम सामन्यात एरिक सिम्सने असे चार गोल केले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात त्यांचे मोल निम्म्यावर आले.

पण सारी मेख त्या एकातच आहे. ट्रायचे चार, त्यावरच्या किकेचे दोन. सहा गुणांची आघाडी प्रतिपक्ष एका झेपेत भरून काढतो, सातांची नाही. म्हणून धोरणी संघ आपल्या वाट्याच्या पकडी चेंडू खांबांसमोर आणण्यातच खर्ची घालतो. नेम चुकला की चेंडू गेलाच. महिनाअखेरीस दिडकीचे मोल जाणणाऱ्या आम्हां नोकरदारांना ही काटकसर परकी वाटू नये.

बरोबरीत मात्र काटकसर संपते आणि छातीचे काम सुरू होते. २०१५ च्या अंतिम सामन्याची चित्रफीत आम्ही अनेकदा पाहिली आहे. नॉर्थ क्वीन्सलंडने शेवटच्या क्षणी ब्रिस्बेनला १६–१६ असे गाठले. जॉनथन थर्स्टनची कडेवरून मारलेली, जिंकून देऊ शकणारी किक खांबावर आपटली. जादा वेळेत पहिला गुण घेईल तो विजेता. चेंडू पुन्हा थर्स्टनकडेच आला, आणि या वेळी तो खांबांमधून गेला.