जिन्याचं बिल

हैदराबादेत आमच्या धंद्याला ऑफिस नसलं तरी चालतं, मोटारसायकल लागते. सकाळी काचीगुड्याहून निघायचं. मागे दोरीनं आवळलेले आग विझवायचे दोन-तीन लाल सिलिंडर, पिशवीत पिना, सील, टॅग आणि वजनकाटा. कधी जीडीमेटल्याचा कारखाना, कधी माधापूरची काचेची इमारत, कधी बेगम बाजार. तिथं तर गाडी लावायला जागा मिळाली की निम्मं काम झालं. वॉचमन आत वर्दी देतो, "गॅसवाले आये." मीही त्याला दुरुस्त करत बसत नाही.

काम तसं शांतपणे करायचं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे कुणीही पाहील. पण तेवढ्यावर भागत नाही. दाब पुरेसा असतो, आणि आतली पावडर वर्षभर उभी राहून तळाशी घट्ट बसलेली असते. म्हणून सिलिंडर उलटा करून कान जवळ न्यायचा. आत वाळू घसरल्यासारखं वाजलं तर ठीक. नाही वाजलं, तर रबरी हातोडीनं बुडावर ठोकायचं. तरी सुटली नाही तर रिफिलिंगला न्यायचा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतोच. तो तोलायचा, अंगावर कोरलेल्या वजनाशी ताडायचा, आतला गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून आणायचा. हे ऐकणं-तोलणं मला मनापासून आवडतं.

पण सहा किलोचा सिलिंडर चालतो किती? पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात कचऱ्याची टोपली विझेल, एखादा स्विचबोर्ड विझेल. त्यापुढची आग त्याच्या आवाक्यातली नाही. त्यापुढं माणसानं बाहेर पडायचं असतं, आणि त्याला जिना लागतो. इथंच माझं गिऱ्हाइकांशी वाजतं.

या शहरातल्या अलीकडच्या आगी आठवून पाहा. मार्च 2022 मध्ये भोईगुड्याच्या भंगार गोदामात वर झोपलेले बिहारचे 11 मजूर गेले. त्याच सप्टेंबरात सिकंदराबादच्या एका लॉजमध्ये 8 जण. आग खालच्या ई-स्कूटरच्या शोरूमची, धूर वरच्या मजल्यांवर. मार्च 2023 मध्ये स्वप्नलोक कॉम्प्लेक्समध्ये 6 जण गुदमरले, सगळे ऐन विशीतले. आणि 18 मे 2025, रविवारची सकाळ, चारमिनारजवळचं गुलझार हौज: नात्यागोत्यातली 17 माणसं, त्यांत 8 लेकरं. वर-खाली करायला एकच चिंचोळा जिना. ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो, आणि जिन्याची चिमणी होते.

तरी मला पैसे मिळतात ते सिलिंडरचे. बिलात जिन्याची ओळ नसते. जिन्यात साड्यांची खोकी, मोडक्या खुर्च्या, पाण्याचे जार. गच्चीच्या दाराला कुलूप, कारण चोर येतात. आणि अलार्मचं पॅनेल मुकं करून ठेवलेलं, कारण कधीतरी उदबत्तीच्या धुरानं ते बोंबललं होतं. मी काही बोललो की शेठ हसून म्हणतो, "तुम बोतल देखो मियाँ, सीढ़ी कू क्या हुआ?" माणूस वाईट नसतो. बाजारात हातभर जागेचं भाडं काय आहे ते त्याला विचारा. मोकळा जिना त्याला रोज डोळ्यांसमोर फुकट जाताना दिसतो. हल्ली मी रिपोर्टच्या तळाशी लाल पेनानं जिन्याबद्दल लिहितो. बरेच जण न वाचता सही करतात. एकानं वाचलं, आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला दिलं.

14 एप्रिलपासून मात्र आम्हाला भाव येतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला, कितीतरी बंबवाले गेले. त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह असतो. सगळ्यांना प्रात्यक्षिक हवं असतं: ट्रेमध्ये डिझेल पेटवा, पिन ओढा, फोटो काढा. माधापूरच्या एका ऑफिसात मी आधी सगळ्यांना सातव्या मजल्यावरून पायी उतरवलं. कुरकुर पुष्कळ झाली. तिथं वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही जिना कुठं निघतो हे ठाऊक नव्हतं. तो निघाला सेलरमध्ये, आणि दारासमोर दुचाकी अशा दाटीनं लावलेल्या की एकेकानं आडवं होऊन निसटावं. कुणी लावल्या म्हणून तिथंच वाद पेटला. निम्म्या त्यांच्याच निघाल्या.