माळ किती वेळात संपावी?



रोज माळ फेरणाऱ्या बायका एकमेकींना एक प्रश्न हमखास विचारतात, 'तुझी एक माळ किती वेळात होते गं?' कुणाची पाच मिनिटांत होते, कुणाची अर्ध्या तासात. मग पाच मिनिटंवालीला वाटतं आपण उरकतोय, आणि अर्धा तासवालीला वाटतं आपल्याला जमतच नाही.

आधी साधा हिशोब करू. णमोकार मंत्राची अक्षरं 35 आणि माळेचे मणी 108. पाच मिनिटांत माळ झाली, तर एका मंत्राला तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. म्हणजे सेकंदाला बारा अक्षरं! इतक्या वेगात जीभ सगळं म्हणूच शकत नाही. चौथ्या पदातला 'ज्झ' सगळ्यात आधी गिळला जातो, आणि पाचवं पद पुढच्या मण्याच्या पहिल्या पदात मिसळून जातं. मोजून बघा, घरच्या घरी कळेल.

आपल्याकडे याचं माप फार पूर्वीपासून आहे आणि ते घड्याळाचं नाही. कायोत्सर्गात 9 वेळा णमोकार 27 श्वासोच्छ्वासांत म्हणतात, म्हणजे एका मंत्राला तीन श्वास. पहिलं पद श्वास घेताना, दुसरं सोडताना. तिसरं घेताना, चौथं सोडताना. पाचव्या पदाचे दोन भाग करायचे, एक घेताना, एक सोडताना. या मापाने एका माळेला 324 श्वास लागतात. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. म्हणजे माळ 16 ते 27 मिनिटांत होते. दोघींची वेळ वेगळी आली, तरी दोघींची माळ बरोबरच.

आणि मणी 108 च का? आपल्या दिगंबर परंपरेत सांगतात, की पाप 108 वाटांनी येतं. एखादं वाईट काम करायचं ठरवणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं, हे तीन. ते मनाने, वाणीने किंवा शरीराने, पुन्हा तीन. स्वतः केलं, करवून घेतलं किंवा दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावली, हेही तीन. आणि मागे क्रोध, मान, माया, लोभ हे चार. 3 गुणिले 3 गुणिले 3 गुणिले 4. एकेका वाटेसाठी एकेक मणी आहे म्हटल्यावर बोट आपोआप जरा थांबतं.

हे सगळं मला पाठ होतं. पण ते आमच्या घरात खरं कसोटीला लागलं मागच्या पावसाळ्यात. सासूबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आल्या, पण दम पहिल्यासारखा राहिला नाही. त्यांचा रोज पाच माळांचा नियम आहे. गावाकडे महाराजांच्या चातुर्मासात घेतलेला, पंचवीस वर्षांत एकदाही न मोडलेला. प्रवासात, लग्नघरात, सुतकातसुद्धा मनातल्या मनात पाळलेला. आता दोन पदं एका श्वासात बसेनात. मध्येच खोकला यायचा, मणी सुटायचा, की त्या पुन्हा मेरूपासून सुरू करायच्या. रात्री अकरा वाजेपर्यंत बसून राहायच्या.

आमचे हे म्हणाले, "आई, तू एकच माळ कर. देवाला कळतं." त्या काही बोलल्या नाहीत, पण पदराने डोळे पुसले. मला त्यांचं दुःख कळत होतं. शरीर एकेक गोष्ट हातातून काढून घेत होतं, आणि नियम तेवढा त्यांचा स्वतःचा उरला होता. तोही आम्ही प्रेमाने काढून घ्यायला निघालो होतो.

शेवटी हे जाऊन आर्यिका माताजींना विचारून आले. माताजींनी एकच विचारलं, "नियम पाच माळांचा घेतलाय, की एका बैठकीत पाच माळांचा?" बैठकीचा नव्हताच. मग त्यांनी सांगितलं, ओठ हलवू नका, मनात म्हणा. एका श्वासाला एकच पद घ्या. खोकला आला तर तोच मणी धरून ठेवा, मेरूकडे परत जायचं कारण नाही.

आता आईंच्या दोन माळा सकाळी होतात, एक दुपारी, एक संध्याकाळच्या जेवणानंतर, एक झोपताना. एकेका माळेला अर्धा तास जातो. पाचही होतात.

आम्ही राहतो सांडोरला. इथे बहुतेक शेजार ख्रिस्ती आहे. सूर्यास्ताआधी आमची जेवणं उरकतात आणि थोड्या वेळाने शेजारच्या घरातून रोझरीचा आवाज येतो. ऑक्टोबर तर त्यांचा रोझरीचाच महिना. त्यांच्यात एकजण अर्धी प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे उरलेली अर्धी. त्यामुळे कुणाला पुढे पळताच येत नाही. म्हाताऱ्या आजीचा श्वास पुरेल, त्याच चालीने सगळं घर चालतं. आई खिडकीशी माळ घेऊन बसलेल्या असतात, त्यांना हा आवाज आवडतो.

गंमत म्हणजे इटलीतल्या डॉक्टर लुसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिलं. त्यांचा अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी आणि एक योगमंत्र म्हणायला लावला, तर दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला. पण आपण मुद्दाम तेवढा संथ श्वास ओढायला जाऊ नये. आजारी माणसाने तर मुळीच नाही. श्वास जसा आहे तसा चालू द्यावा, पदं त्याच्यामागून जावीत.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. वसई रोडहून सकाळची लोकल पकडायची असेल, तर घरी घाईने माळ उरकू नका. डब्यात जागा मिळाली की बोटांवर करा. उजव्या हाताच्या चार बोटांची 12 पेरं, आणि डाव्या हातावर 9 फेऱ्या मोजायच्या, झाले 108. आणि तोंडाने मंत्र आणि मनात भाजीची यादी असं होत असेल, तर आनुपूर्वीचं छोटं पुस्तक घ्या. त्यात 1 ते 5 आकडे 120 वेगवेगळ्या क्रमांनी मांडलेले असतात. 3 दिसला की तिसरं पद, 5 दिसला की पाचवं. सवयीवर म्हणताच येत नाही, त्यामुळे वेग आपोआप उतरतो.

घरात कुणी वयस्कर नियम पाळत असेल, तर 'आता राहू दे' म्हणण्याआधी त्यांच्याजवळ एक माळ बसून बघा. नियम नक्की कशाचा घेतलाय ते विचारा. बऱ्याचदा नियम न सोडताही वाट निघते.

जय जिनेंद्र.