संशय आधी सांध्यावर

सुटे भाग आणून घरी जोडलेला पहिला कॉम्प्युटर बटण दाबल्यावर ढिम्म बसून राहिला, की जोडणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो 'कोणता पार्ट खराब आला?' असा. पैसे पार्टचेच मोजलेले असतात, तेव्हा संशयही पार्टवरच जायचा. पण माझ्या मते मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि पुढची सगळी पायपीट त्या चुकीच्या प्रश्नापायी होते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस यांतल्या प्रत्येकाला कारखान्यातून निघण्याआधी कुठे ना कुठे वीज लावून पाहिलेलं असतं. त्यांना एकमेकांशी जोडणारे सांधे मात्र त्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, पहिल्यांदाच जुळलेले असतात. त्यांची परीक्षा कुणीही घेतलेली नसते. आता हे सांधे किती असतात ते मोजून बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ संपर्कबिंदू असतात. डीडीआर५ रॅमच्या एका पट्टीला २८८, म्हणजे दोन पट्ट्यांना ५७६. ग्राफिक्स कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं तिथे १६४. मदरबोर्डच्या मुख्य वीजजोडणीत २४ आणि प्रोसेसरच्या वेगळ्या जोडणीत ८. बेरीज अडीच हजारांच्या घरात जाते, आणि कॅबिनेटच्या बटणाकडून येणाऱ्या बारीक वायरी अजून धरलेल्याच नाहीत. एका बाजूला तपासलेले सहा-सात भाग, दुसऱ्या बाजूला न तपासलेले अडीच हजार सांधे. संशयाची सुरुवात कुठून करायची हे एवढ्यावरून ठरायला हरकत नसावी.

चालता चालता बंद पडलेल्या जुन्या मशीनची गोष्ट निराळी. ते काल चालत होतं, म्हणजे काल सगळे सांधे नीट होते. मग काल आणि आज यांत काय बदललं हे शोधायचं. नव्या मशीनला काल नसतो. त्याने चालून दाखवलेलं नसतं, त्यामुळे 'काय बिघडलं' असं विचारण्यात अर्थ नाही. 'काय अजून जुळलेलंच नाही' असं विचारावं लागतं. दुरुस्तीची बहुतेक शहाणपणं जुन्या मशीनवर घडलेली आहेत आणि नव्या मशीनला ती जशीच्या तशी लावली जातात, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी अडचण बटणाची. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली. त्याआधीच्या एटी मशीनमध्ये कॅबिनेटचं बटण म्हणजे खरोखरचा स्विच असे. घरातली २३० व्होल्टची वीज थेट त्यातून जायची. एटीएक्समध्ये बटणाचं काम फक्त अर्ज करण्याचं उरलं. भिंतीवरचा आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू असला की एसएमपीएस ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला सतत देत राहतो. तिला स्टँडबाय म्हणतात. २४ पिनांच्या कनेक्टरमधली नववी पिन तिची. या धारेवर मदरबोर्डचा एक कोपरा जागा असतो. बटण दाबलं की त्याला इशारा मिळतो आणि मग तो सोळाव्या पिनेवरचा व्होल्टेज शून्यावर ओढतो. ही एसएमपीएसला दिलेली आज्ञा. ती मिळाल्यावर १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य प्रवाह सुरू होतात, ते स्थिरावले की एसएमपीएस आठव्या पिनेवर 'वीज ठीक आहे' असं कळवतो, आणि त्यानंतरच प्रोसेसरला पहिली आज्ञा वाचायची मुभा मिळते. म्हणजे बोट बटणावर पडल्यापासून पंखे, दिवे, पडदा यांपर्यंत परवानग्यांची एक साखळी आहे, अगदी सरकारी फायलीसारखी. फाइल अडली म्हणून कचेरीतला प्रत्येक माणूस बदलत सुटत नाहीत. ती कोणत्या टेबलावर आहे ते आधी विचारतात.

त्यासाठी 'चालू होत नाही' हे वाक्य नीट फोडावं लागतं. काहीच हलत नाही, ही एक अवस्था. पंखे क्षणभर फिरून थांबतात, ही दुसरी. पंखे फिरत राहतात, दिवे लागतात, पण पडदा काळा, ही तिसरी. बाजारात तिसरीला 'डिस्प्ले नाही' म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथे वीज येऊन गेलेली असते आणि एसएमपीएस बदलून काही हाती लागत नाही. दुसऱ्या अवस्थेत बहुधा एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसलेला असतो आणि त्याने स्वतःला मिटून घेतलेलं असतं. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखाली जे पितळी स्टँडऑफ लावतात, त्यांतला एखादा भलत्या भोकात राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या टाक्यांना टेकतो आणि नेमकं हेच घडतं. यात खराब असं काहीच नसतं. फक्त नको तिथे एक सांधा झालेला असतो. संरक्षण असं एकदा पडलं की कित्येक एसएमपीएस भिंतीची वीज काही वेळ तोडल्याशिवाय पुन्हा उठत नाहीत. चूक दुरुस्त करूनही मशीन मुकंच राहतं आणि माणूस भलत्या निष्कर्षाला पोचतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर वीज तोडावी, बटण दोन-चार वेळा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि मगच पुन्हा बघावं.

काहीच हलत नसेल, तर साखळी मध्यावर तोडून पाहणं सगळ्यांत स्वस्त. बऱ्याच मदरबोर्डांवर स्टँडबाय वीज पोचली की एक लहान दिवा लागतो. तो दिसला तर भिंतीचा सॉकेट, वायर, एसएमपीएसचा मागचा स्विच आणि स्टँडबायची पिन हे सगळे एका नजरेत निर्दोष ठरतात, आणि संशय बटणाच्या बाजूला सरकतो. दिवा नसलेल्या बोर्डावर मल्टीमीटर लागतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मीटरही पुरतो. नवव्या पिनेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. एसएमपीएस बोर्डापासून सोडवूनही तिथे काही मिळालं नाही आणि भिंतीचा सॉकेट दुसऱ्या उपकरणावर चालतो आहे, वायरही बदलून पाहिली आहे, तर मात्र एसएमपीएसवर ठपका ठेवायला हरकत नाही. आरोप पुराव्यानिशी सिद्ध होतो तो असा.

स्टँडबाय आहे आणि तरी बटणाला दाद नाही, याचं नेहमीचं कारण फ्रंट पॅनेलच्या नऊ पिनांच्या झुपक्यात सापडतं. पॉवर स्विचची टोपी शेजारच्या रीसेटच्या जागी किंवा एक पिन सरकून बसलेली असते. अक्षरं बारीक, कॅबिनेटमध्ये अंधार, आणि हे काम सगळ्यांत शेवटी, हात थकल्यावर करायचं, असा हा योग आहे. दिव्याच्या वायरींना उलट-सुलट असते, स्विचला नसते. त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या तर बटणाचंच काम होतं. मशीन तेवढ्याने उठलं, तर हजारोंच्या खर्चातला दोषी भाग म्हणजे एक प्लॅस्टिकची टोपी किंवा कॅबिनेटचं बटण. २४ पिनांच्या कनेक्टरचीही तीच गत: तो बसल्यासारखा दिसतो, पण खटका अडकलेला नसतो. आणि प्रोसेसरची आठ पिनांची वेगळी वीजजोडणी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात हीटसिंकच्या आड राहून जाते. ती विसरली तर कित्येक बोर्डांचे पंखे दिमाखात फिरतात, फक्त प्रोसेसर उपाशी असतो. इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. ग्राफिक्स कार्डसाठीचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला जुळा भाऊ आहे, पण त्याच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट असतात. भोकांचे आकार वेगळे ठेवलेले आहेत ते याचसाठी. जोर लावावासा वाटला की हात थांबवायचा.

जाणकारांचा एक आक्षेप इथे येतो आणि तो वजनदार आहे. विश्वासार्हतेच्या शास्त्रात न्हाणीच्या टबासारखा एक आलेख काढतात: भाग नवे असताना बिघाड जास्त, मधल्या आयुष्यात कमी, उतारवयात पुन्हा जास्त. मग नव्या मशीनमध्ये भागांवरच संशय घ्यायला नको का? हा आलेख खरा आहे, पण तो नव्या भागाची तुलना त्याच भागाच्या मधल्या वयाशी करतो. नव्या भागाची तुलना नवशिक्याने बसवलेल्या सांध्याशी तो करत नाही. कारखान्यातल्या चाचण्या या आलेखाचा सुरुवातीचा उंच भाग कापण्यासाठीच असतात. सांध्याला तसा कारखाना लाभलेला नसतो. खराब आलेले भाग असतात, हे मी नाकारत नाही. संशयितांच्या यादीत त्यांचा नंबर पहिला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

याहून लोकप्रिय आक्षेप असा की दुकानातला कारागीर पार्ट बदलूनच दहा मिनिटांत दोष काढतो, मग आपण का नको? कारण त्याच्या टेबलावर चालू असल्याची खात्री असलेले भाग पडलेले असतात आणि घरी प्रत्येक भाग एकुलता एक असतो. पण खरी गोम पुढेच आहे. रॅमची पट्टी काढून दुसरी बसवली, की एका वेळी दोन गोष्टी बदलतात: पट्टी बदलते आणि सांधाही नव्याने बसतो. मशीन चालू झालं तर श्रेय कुणाचं? आपण ते पट्टीला देऊन मोकळे होतो आणि चांगली पट्टी 'गेली' म्हणून परत पाठवतो. आपल्याकडे रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायची जुनी युक्ती आहे. जुन्या, दमट हवेत काळवंडलेल्या पट्टीला तिचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण नव्याकोऱ्या पट्टीवरही ती लागू पडते तेव्हा गुण खोडरबराचा नसतो. पट्टी काढून दोन्ही टोकं बसेपर्यंत पुन्हा दाबली गेली, त्याचा असतो. उलट घासल्याने मुलामा झिजतो. एकच पट्टी ठेवून, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये, म्हणजे बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्यात, ती बसवून पाहणं यापेक्षा जास्त सांगून जातं.

सांधा म्हणजे फक्त धातूला धातू टेकणं, असंही नाही. २०१९ मध्ये एएमडीचे रायझन ३००० प्रोसेसर आले, तेव्हा ते आधीच्या बी४५० बोर्डांच्या सॉकेटमध्ये अचूक बसत होते. पण बोर्डावरचा बायोस जुना असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नसे. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, आणि मशीन मुकं. अशा ग्राहकांना बायोस नवा करून घेण्यापुरता जुना प्रोसेसर उसना देण्याची सोय कंपनीलाच करावी लागली होती. भाग बदलणाऱ्याने इथे काय केलं असतं? दोन निर्दोष वस्तूंपैकी एक परत पाठवली असती. आता काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. डीडीआर५ ची तऱ्हा तर आणखी निराळी: पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमशी वेळेचं गणित जुळवत बसतो आणि त्या काही मिनिटांत पडदा काळाच असतो. अधीर माणूस मधेच वीज तोडतो, गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि 'डेड' मशीनची तक्रार तयार होते.

सॉकेटमध्ये वाकलेली पिन हा माझ्या मांडणीला खरा अपवाद. तिथे सांधा म्हणजेच भाग, आणि पुन्हा बसवून काही सुधारत नाही. भिंगातून बघावं आणि आवश्यक तर जाणकाराच्या हाती द्यावं. दुसरी मर्यादा जिवाची आहे. एसएमपीएस कधीच उघडू नये. आतला मोठा कपॅसिटर वीज काढल्यावरही तीनशे-चारशे व्होल्ट धरून असू शकतो. सोळावी पिन पेपरक्लिपने ग्राउंडला जोडून एसएमपीएस एकटा चालवून बघण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. तिच्यातून तो आज्ञा पाळतो एवढंच कळतं, ओझं पेलतो हे नाही. शिवाय कमी भारावर पंखाच न फिरवणारे एसएमपीएस आता बरेच आहेत. ते या परीक्षेत विनाकारण नापास होतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याचाही या मुकेपणाशी संबंध जोडू नये. घरात अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्यावर भिंतीच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्टचा अगदी क्षीण प्रवाह आणतात. मशीन तशातही चालू होतंच. अर्थिंग मात्र वायरमनकडून करून घ्यावं, तो वेगळा खर्च आणि वेगळं कर्तव्य.

एवढं करूनही काही हललं नाही, तर लॅमिंग्टन रोडचा किंवा गावातल्या दुकानाचा रस्ता धरण्यात कमीपणा नाही. तिथे नेताना कॅबिनेट जोडलेल्या स्थितीत न्यावं, सुटे भाग पिशवीत भरून नव्हे. नाहीतर ज्यांची चौकशी व्हायची ते सांधे आपणच घरी मोडून ठेवलेले असतात. कारागीर आपल्या खणातली एक रॅम बसवील, पंखे फिरतील, पडद्यावर अक्षरं उमटतील, आणि तो म्हणेल, "रॅम गेली होती." त्या क्षणी पाकिटाकडे हात नेण्याआधी त्याला एवढंच म्हणावं: "दादा, आता माझीच जुनी पट्टी परत त्याच स्लॉटमध्ये लावून बघा ना."