भिशीच्या पैशातून अंदमानच्या किनाऱ्यावर

सहल म्हटली की आपल्या वस्तीत एकच प्रश्न निघतो, "पैसा कुठून आणायचा?" समुद्र, बेटे, तंबू या गोष्टी पैसेवाल्यांच्या, असे आपण धरूनच चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. नागपुरात जन्म गेला, समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, रांगेत उभे राहून. मग एका रविवारी विहारातली बैठक संपल्यावर आम्ही चार कुटुंबांनी ठरवले की भिशी टाकायची. माणशी महिन्याला पाचशे रुपये, चोवीस महिने. माणसे तेरा, त्यांत मुले पाच. हिशेबाची वही आमच्याकडे आली, कारण बी.कॉम. झालेल्या कारकुनाला असल्या कामातून सुटका नसते.

माणशी बारा हजारांत अंदमान होईल का? विमानाने मुळीच होणार नाही. जहाजाने होते. चेन्नईहून श्री विजयपुरमला सरकारी प्रवासी जहाज जाते. हे शहर म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव बदलले. अंतर साधारण १,२०० किलोमीटर, वेळ जवळजवळ तीन दिवस. सर्वांत स्वस्त वर्ग 'बंक'चा. एका मोठ्या दालनात दुमजली बाकांच्या रांगा असतात. अडचण एवढीच की जहाजाच्या तारखा फार आधी जाहीर होत नाहीत. म्हणून रजेचा अर्ज आधीच बोलून ठेवावा लागतो. मुलांच्या शाळेतूनही आम्ही रजा मागितली. मुख्याध्यापकांनी अट घातली, "परत आल्यावर वर्गात उभे राहून सांगायचे."

जहाजावर पहिला दिवस उलट्यांत गेला. आमच्या सौ.नी लिंबू आणि सुंठ बांधून घेतली होती, तिच्यावर तेरा जणांनी दिवस काढला. दुसऱ्या दिवशी मुले डेकवर उड्या मारू लागली. चारी बाजूंना पाणी आणि मध्ये आपण, हे दृश्य पाहून आमच्याबरोबरच्या एका काकू म्हणाल्या, "एवढं पाणी आणि घोटभर प्यायला नाही!"

बहुतेक प्रवासी हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपला जातात. तिथला राधानगरचा किनारा प्रसिद्ध आहे, पण तिथे हॉटेलांचे दर आपल्या वहीत मावत नाहीत. आम्ही मध्य अंदमानातले लाँग आयलंड निवडले. रंगतपर्यंत बसने जाऊन पुढे बोटीने तिथे जाता येते. पण ती सडक जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. फोटो काढायला मनाई, थांबायला मनाई, गाड्या ताफ्याने सोडतात, तरी लोक काचेला नाक लावून माणसे शोधतात. आपल्या मुलांनी माणसांकडे असे पाहायला शिकू नये, म्हणून आम्ही सडक सोडली आणि सरकारी बोट धरली. दिवसाचा बराच भाग गेला, पण मनाला बरे वाटले.

लाँग आयलंड म्हणजे धक्क्याला लागून एक छोटे गाव. मोटारींचा गोंगाट नाही, पायवाटा आणि सुपारीची झाडे. लालाजी बे हा किनारा गावापासून जंगलवाटेने दोन तासांवर आहे. आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घेतली. अंदमानात किनाऱ्यावर परवानगीवाचून मुक्काम करू नये, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. कर्मचाऱ्याने नियम सांगितले. प्रवाळ, शंख, शिंपले उचलायचे नाहीत. झाड तोडायचे नाही. कचरा परत आणायचा. हे दिवस कासवांनी अंडी घालण्याचे, म्हणून रात्री किनाऱ्यावर दिवे फिरवायचे नाहीत. आणि खाडीच्या तोंडाशी जायचे नाही, अंधार पडू लागल्यावर पाण्यात उतरायचे नाही, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

सामान डोंगीतून म्हणजे छोट्या बोटीतून पाठवले. त्यात भाड्याचे तीन तंबू, एक ताडपत्री, पिण्याच्या पाण्याचे कॅन, गावातून उसना घेतलेला स्टोव्ह, तांदूळ, डाळ, घरून नेलेली तिळाची चटणी आणि लाल मिरचीचा ठेचा होता. मोठी माणसे जंगलातून चालत गेली. वाटेत डोंगीवाल्याच्या मुलाने एक उंच झाड दाखवून म्हटले, "समुद्री महुआ." आमच्या विदर्भातल्या मंडळींनी लगेच खाली फुले शोधली. पण तो आपला मोह नव्हे.

झाडी संपली आणि समोर पांढरी वाळू. दुपारचे तीन-साडेतीन वाजले होते. ओहोटी असल्याने वाळू लांबवर उघडी पडली होती. माणूस एकही नाही. आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, इथे यायला तिकीट कुठे काढायचे?" तिकीट नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना.

आता आमची चूक सांगतो. उजेड मिळावा म्हणून आम्ही मुद्दाम पौर्णिमेची तारीख धरली होती. सपाट, स्वच्छ वाळू पाहून तंबू तिथेच ठोकले. डोंगीवाल्याने वर झाडांजवळची वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ दाखवली. "पानी इधर तक आता है," तो म्हणाला. दोन कुटुंबांनी तंबू वर नेले. आमचा तंबू मात्र तिथेच राहिला. पाणी एवढे दूर दिसत होते! शिवाय आम्ही पडलो म्होरके, म्होरक्याला कोणी सांगितलेले चालत नाही.

ही बेटे फार पूर्वेला, पण घड्याळ आपलेच. म्हणून जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. सहाला खिचडी झाली, सातला वंदना घेतली, आठला सगळे झोपले. दहाच्या सुमारास सौ.नी हलवले. "अहो, अंथरूण ओलं कशानं झालं?" बाहेर पाहतो तर लाट दारात. पौर्णिमा-अमावास्येला भरती सर्वांत मोठी असते, त्या भागात ती रात्री दहाच्या आसपास चढते, हे आम्हाला पुढे कळले. मुलाला खांद्यावर घेतले, सौ.नी मुलीचा हात धरला आणि तंबू तसाच फरफटत वर आणला. चपला गेल्या, तांदळाची पिशवी भिजली. पाणी नेमके त्या काटक्यांच्या रेघेपर्यंत आले आणि थांबले. जो माणूस रोज ते पाणी पाहतो, त्याचा शब्द आम्ही मोडला होता. आपल्या वस्तीतल्या अनुभवी माणसाचे साहेब लोक ऐकत नाहीत म्हणून आम्ही मोर्चे काढतो. त्या रात्री साहेब आम्हीच झालो होतो. सकाळी सर्वांसमक्ष डोंगीवाल्याची माफी मागितली. तो हसला आणि त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. जमीन हादरली किंवा समुद्र एकदम मागे सरला, तर काही न उचलता टेकडीवर पळायचे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने बेटांना शिकवलेला हा धडा आहे.

सकाळ-संध्याकाळ वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्याची खाज आठवडाभर जात नाही. अंगभर कपडे घालावेत, उघड्या वाळूवर लोळू नये. एवढे सोडले तर ते दोन दिवस आम्ही जन्मभर विसरणार नाही.

परतीच्या बोटीत सत्तरी ओलांडलेले एक बंगाली बाबा शेजारी बसले होते. आमच्या वहीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून त्यांनी हात जोडले. "हम नमःशूद्र हैं. जोगेनबाबू के लोग." १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर, हे आपण भाषणांत ऐकतो. त्या समाजाचा माणूस आमच्या मांडीला मांडी लावून बसला होता! फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांना १९४९ पासून अंदमानात वसवले, त्यांत नमःशूद्र मोठ्या संख्येने होते. बाबांना आईने कडेवर आणले. जंगल तोडून बापाने भातशेती केली.

मग त्यांनी विचारले, "नातू कॉलेजात आहे. बंगालमध्ये आमच्या भावकीला एस.सी.चा दाखला मिळतो. इथे का नाही?" आम्ही गप्प झालो. दरवर्षी जूनमध्ये वस्तीतल्या मुलांचे जातीचे दाखले काढून द्यायचे काम आम्ही करतो, कोणता कागद कुठे जोडायचा ते पाठ आहे. पण संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे यादी राज्यवार, केंद्रशासित प्रदेशवार असते आणि अंदमान-निकोबारसाठी अनुसूचित जातींची यादीच नाही. समुद्र ओलांडला, जात बरोबर आली, दाखला मात्र मागे राहिला. बाबांना आम्ही एवढेच सांगितले की घरी जाऊन हे लिहीन. त्यांनी आमच्या मुलीच्या हातावर दोन सुपाऱ्या ठेवल्या.

हिशेब असा: जमा १,५६,०००. खर्चात सर्वांत मोठा आकडा जहाजाचा, त्याखाली रेल्वे, मग जेवण. शिल्लक ४,३१० रुपये, त्यातून डोंगीवाल्याच्या मुलांना वह्या पाठवल्या. मुलांनी वर्गात सांगितले. आमच्या मुलीने समुद्रापेक्षा बाबांविषयीच जास्त सांगितले आणि मास्तरांनी तिला नमःशूद्र म्हणजे कोण ते पुन्हा विचारले.

नवी भिशी एक तारखेपासून सुरू झाली आहे. या वेळी कुटुंबे सात आहेत.