न पोहोचलेला निरोप

आमचें आजोळ साताऱ्यास. आजीचे दोन मुलगे, म्हणजे आमचे मामा, दहा वर्षांचे होण्यापूर्वींच न्यूमोनियानें गेले. मुली मात्र धडधाकट राहिल्या. लोक आजीस पांढऱ्या पायाची म्हणत, आणि तिनें तें मुकाट्यानें ऐकून घेतलें.

पुढें आमची धाकटी बहीण सांगलीस दिली. तिचा मुलगा सहा महिने गुटगुटीत होता. नंतर कान वाहूं लागला, छाती वारंवार भरूं लागली. "माहेरचें दैव घेऊन आली," असें विहीणबाईंनीं एकदां बोलूनही दाखविलें. अखेर एका डॉक्टरांनीं विचारलें, "आईच्या माहेरीं मुलगे लहानपणीं दगावले होते काय?" त्या प्रश्नानें आम्ही चपापलों.

मुंबईस तपासलेल्या रक्तांत रोगाशीं झुंजणारीं प्रतिद्रव्यें जवळजवळ नव्हतीं. तीं बनविणाऱ्या पेशी अस्थिमज्जेंत जन्मतात. त्यांस 'पुढें वाढा' हा निरोप किनेज जातीचें एक विकर पोहोचवितें. प्रथिनास फॉस्फेटचा कण चिकटविणें एवढेंच त्याचें काम. तें बिघडलें कीं पेशी वाटेंतच खुंटतात. आईकडून गर्भांत मिळालेलीं प्रतिद्रव्यें संपेपर्यंत मूल निभावतें, एवढेंच. अमेरिकन लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनीं १९५२ सालीं हा विकार प्रथम वर्णिला. विकराचा शोध लागावयास १९९३ साल उजाडलें. त्यास नांवही ब्रूटन यांचेंच आहे.

या विकराचें जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असतें. मुलीस दुसरें निरोगी गुणसूत्र तारतें. मुलास एकच, म्हणून तो आजारी पडतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलास हा धोका निम्मा. यांत पाप, पायगुण, दैव कांहींच नाहीं, आणि निवड तर आईच्या हातीं मुळींच नाहीं.

आतां दर तीन-चार आठवड्यांनीं भाच्यास शिरेंतून प्रतिद्रव्यें देतात. तीं अनेक अनोळखी दात्यांच्या रक्तद्रवांतून काढलेलीं असतात. हा उपचार जन्मभराचा व खर्चाचा आहे. पण मुलगा शाळेंत जातो, आणि इंजेक्शनची तारीख विहीणबाईच लक्षांत ठेवतात.

भाची मोठी झाल्यावर तिलाही हें सारें सांगावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. आजीस सांगावयाचें मात्र राहून गेलें.