दोषाचे वजन

वजन वाढलेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क या जगात प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. ताप आलेल्याची लोक विचारपूस करतात, पाय मोडलेल्याला हाडवैद्याचा पत्ता सांगतात; लठ्ठ माणसाला मात्र सरळ दोष देतात. हा दोष बहुधा दोन शब्दांत मावतो: खादाडपणा आणि आळस.

माझ्या वाट्यालाही हे दोन्ही शब्द आले. मे महिन्यात सारे जामनेर सावली शोधत असे, आणि मी अंगाभोवती पदर घट्ट ओढून बसे. केस गळत, आवाज जड झालेला, दुपारी डोळे उघडे ठेवणे हेच एक काम होऊन बसलेले. आणि दर महिन्याला ब्लाऊजची एक शिवण उसवायची. शेवटी रक्त तपासले, आणि ‘मला थायरॉईड आहे’ असे मी चारचौघांत सांगू लागले. खरे म्हणजे थायरॉईड सर्वांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही एक ग्रंथी. देहाची शेगडी किती प्रखर ठेवायची, हे ती ठरवते. मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी एक ग्रंथी तिला हुकूम सोडत असते. कारकून ऐकेनासा झाला की साहेबाचा आवाज चढतो. माझ्या कागदावर टीएसएच नावाचा जो भलामोठा आकडा आला होता, तो म्हणजे हे साहेबाचे ओरडणे!

या आकड्याने घरातला न्याय एका रात्रीत फिरला. काल ‘जरा हात आवर’ म्हणणारी मंडळी आज म्हणू लागली, “वहिनी, तुमचा काय दोष? ग्रंथीचाच आहे तो. घ्या, अजून एक मांडा घ्या!” आणि पुरणाचा मांडा म्हणजे काही कागद नव्हे.

डॉक्टरांनी मात्र दोष तागडीत घातला. ग्रंथी मंदावल्यामुळे वाढणारे वजन साधारणपणे दोन ते पाच किलो असते, त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या मिठापाण्याचा, असे त्यांनी सांगितले. गोळीने तेवढे उतरेल. त्यावरचे जे असेल त्याचा हिशेब ताटाशी करायचा.

ही गोळी साधी दिसते, पण तिचा इतिहास मोठा आहे. 1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका आजारी बाईला टोचला. ती बाई त्यानंतर 28 वर्षे जगली. पुढच्याच वर्षी ही ग्रंथी हलकी तळून रोग्यांना खाऊ घालण्यापर्यंत मजल गेली. 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतले मूळ द्रव्य वेगळे काढले, आणि 1927 साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. म्हणून आज मला मेंढी तळावी लागत नाही. पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबायचे, एवढेच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तास दूर. त्या हिला अंगी लागू देत नाहीत. गोळीचे प्रमाण बदलले की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. वजन झरझर उतरावे म्हणून ती मनाने वाढवणे हा तर आगीशी खेळ! त्याने छाती धडधडते आणि हाडे झिजतात.

आता ताट. शेजारच्या जाणत्यांनी कोबी आणि फ्लॉवर माझ्यासाठी निषिद्ध ठरवले. गोळी चालू असताना आणि मिठात आयोडीन असताना शिजवलेला कोबी कोणाचा गळा धरत नाही. बिचाऱ्यावर उगाच आळ! तसाच आळ वांग्यावर. आमच्या खानदेशात थंडी पडली की शेतात काटक्यांवर वांगी भाजून भरीत होते. 100 ग्रॅम वांग्यात जेमतेम 25 उष्मांक असतात. पण एका छोट्या चमचाभर तेलात 40, आणि आमच्याकडची फोडणी चमच्याने घालत नाहीत. तेव्हा मी भरीत सोडले नाही, फोडणी मोजू लागले. कळण्याची भाकरी राहिली, खिचडीवरची तेलाची धार गेली. शेवभाजी महिन्याची पाहुणी झाली. डाळ, मूग, ताक यांना ताटात मानाची जागा मिळाली, आणि संध्याकाळी कांग नदीच्या बाजूला एक फेरी सुरू झाली.

वजन उतरले, पण आमच्या पी. जे. गाडीच्या चालीने! पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करीत 56 किलोमीटर डुलत येणारी ती अरुंद रुळांची गाडी 2020 साली थांबली. ती चालत होती तेव्हा तिच्या वेगाला हसणारे पुष्कळ भेटत. पण जामनेरला पोचण्यासाठी तेही तिच्यातच बसत.

या साऱ्यात मला वारंवार आठवतात त्या आमच्या थोरल्या काकू. भर उन्हाळ्यात शाल पांघरून त्या माजघराच्या कोपऱ्यात बसत. चेहरा सुजल्यासारखा, बोलणे संथ. घरात त्यांचे नाव पडले होते ‘जडभारी’. त्या रागावत नसत. फार तर “होत नाही गं माझ्याने,” एवढेच म्हणत. त्यांना नेमके काय झाले होते, ते आता कोण सांगणार? त्यांचे रक्त कोणी तपासलेच नाही. सारे गणगोत त्यांना आळशी म्हणत राहिले, आणि जाताना त्या तेच नाव घेऊन गेल्या. माझे उतरलेले किलो मी मोजू शकते; त्यांच्यावर लादलेला तो भार कोणत्या तराजूत घालू?

म्हणून या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना ‘एवढेच?’ असा आग्रह नको, आणि ‘किती सुटलीस गं!’ हा आहेरही नको. दोष द्यायचाच असेल तर तो आधी तोलून घ्यावा. आणि कोपऱ्यात कोणी शाल पांघरून बसलेली दिसली, तर तिला नाव ठेवण्यापूर्वी एकदा तिचे रक्त तपासून आणावे.