मेणांतला निरोप

मेण म्हणजे मऊपणा आणि नश्वरता, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. ब्रिटिश म्यूझियममधील एका चित्राची प्रत हातीं आली आणि ती समजूत डळमळली. इजिप्तमधील हवारा येथें १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांस एक ममी सांपडली. तिच्या मुखावर आर्टेमिडोरस नामक तरुणाचें हें चित्र बसविलेलें होतें. मधमाश्यांचें मेण तापवून त्यांत रंग कालवावयाचा आणि तें ऊन आहे तोंवर पातळ फळीवर चढवावयाचें, अशी ही कला. निवालें कीं मेण थिजतें, कुंचला अडतो. सुमारें एकोणीसशें वर्षें लोटलीं, तरी त्या तरुणाची दृष्टि जिवंत वाटते. खालीं ग्रीक अक्षरांत कोणीं त्याचा निरोपही घेतला आहे.

आमच्या मातोश्रींचें एकच छायाचित्र घरीं आहे. ‘पुढें एखादें चांगलें काढवूं’ असें आम्ही वर्षानुवर्षें म्हणत राहिलों. त्या गेल्या, आणि आतां तेंही इतकें फिकटलें आहे कीं, नातवंडें ‘ह्या कोण?’ म्हणून विचारतात. त्या अनामिक चिताऱ्याला मात्र ठाऊक होतें, मेण निवावयास फार वेळ लागत नाहीं.